ताट आधी, बाटल्या नंतर

तारीख काही केल्या ठरेना. आठ माणसांचा मेळ घालायचा, त्यात वाईन आणि सामिष जेवण दोन्ही, म्हणजे कॅलेंडर भिंतीवरून काढून पुढ्यातच घ्यावं लागतं. मार्गशीर्ष संपल्याशिवाय मेघना येणार नव्हती, तिचे गुरुवार असतात आणि तो सगळा महिनाच ती पाळते. 26 जानेवारीला जोडून सुट्टी येत होती, पण त्या दिवशी ड्राय डे. निखिल शनिवार करतो. संकष्टी, एकादशी, महाशिवरात्र वगळता वगळता फेब्रुवारीतला एक रविवार हाती लागला आणि सोमवारी सगळ्यांनी रजा टाकायची असं ठरलं. मला फेब्रुवारीच हवा होता. नाशिकला तेव्हा वाईनच्या द्राक्षांची तोडणी चालू असते, आणि संध्याकाळी गच्चीवर बसता येईल इतपत हवाही गार असते.

कल्पना माझी होती आणि तिच्यामागे एक जुनी तक्रार होती. वाईन टेस्टिंग म्हटलं की आपल्याकडे चीजचे तुकडे, क्रॅकर्स आणि ऑलिव्ह मांडतात. ते वाईट नसतं. पण आपली जीभ ज्या चवींवर वाढली, त्यांच्यासमोर ही वाईन उभी राहते का, हे त्यातून कधीच कळत नाही. आमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर वाईन तयार होते. तिचा वेल काळ्या मसाल्याच्या आणि शेंगदाण्याच्या मुलखात वाढतो. मग ती भरल्या वांग्याबरोबर का नको? म्हणून अट एकच ठेवली: सगळ्या वाईन महाराष्ट्रातल्या आणि सगळं जेवण घरचं. आधी ताट ठरवायचं, मग त्या ताटाला बाटली शोधायची.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. बाटल्या आधी आणल्या की त्यांची किंमत आणि नावं डोक्यात बसतात, आणि स्वयंपाक त्यांच्या मर्जीनं होतो. ताट आधी ठरलं की प्रश्न सोपे होतात. हा पदार्थ किती तिखट? किती आंबट? तेल-तूप किती? गोड किती? या चार प्रश्नांची उत्तरं आली की दुकानात निम्म्या बाटल्या आपोआप बाजूला पडतात.

माणसं अशी होती: मी, समीर आणि सासरे अण्णा हे घरचे तिघं; पुण्याहून मेघना, निखिल आणि संग्राम; मुंबईहून स्वाती आणि वसईचा फ्रान्सिस. मेघना आणि स्वाती शाकाहारी. अण्णा माळकरी, ते पीत नाहीत. पण दिंडोरीकडे त्यांची द्राक्षबाग आहे, आयुष्य त्यात गेलं आहे, आणि द्राक्षाविषयी बोलायला त्यांच्याइतकं जाणतं माणूस त्या टेबलावर दुसरं नव्हतं. ते बसणार हे मी पहिल्यापासून धरूनच चालले होते.

रंगीत तालीम मी आणि समीरनं जानेवारीत केली. ज्या वाईनच्या 375 मिलिलिटरच्या अर्ध्या बाटल्या मिळाल्या त्या आणल्या, आणि रोजच्या जेवणात जे असेल त्याबरोबर एकेक घोट घेत गेलो. सगळ्यात जास्त शिकवलं ठेच्यानं. भाकरी, ठेचा आणि कॅबरने सोव्हिन्यॉं ही लाल वाईन हे एकत्र आलं तेव्हा तोंडात नुसता जाळ. मिरचीतलं कॅप्सायसिन अल्कोहोलमध्ये विरघळतं, आणि अल्कोहोल स्वतःही जिभेच्या त्याच जळजळीच्या नसा चेतवतं. त्यावर लाल वाईनमधल्या टॅनिनचा तुरटपणा आला की तिखट दुप्पट लागतं आणि वाईनमधलं फळ कुठल्या कुठे जातं. तोच ठेचा थोडा गोडवा असलेल्या शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाईनबरोबर खाल्ला, तर जीभ शांत झाली आणि ठेच्यातला लसूण वेगळा कळला. तिखटाला हलकी गोड, गार आणि कमी तुरट वाईन, हे तिथेच पक्कं झालं.

आंबटाचं गणित याच्या उलट चालतं. पदार्थ आंबट आणि वाईन त्याहून कमी आंबट असेल, तर वाईन पाणचट लागते. आमसुलाच्या सारासोबत आम्ही घेतलेली एक मऊ, पिकलेली लाल वाईन अगदी बेचव झाली. म्हणजे चिंच-आमसुलाच्या पदार्थाला चांगली आंबटसर वाईन हवी. गोडाचंही तसंच. श्रीखंडासमोर गोड डेझर्ट वाईनसुद्धा आंबट वाटायला लागली. श्रीखंड यादीतून गेलं आणि कमी गुळाचा, जायफळ घातलेला खरवस आला. मासळीचा रस्सा आणि लाल वाईन एकत्र आल्यावर तोंडात लोखंडासारखी चव येते, तेही याच काळात अनुभवलं. लाल वाईनमधल्या लोहामुळे मासळीचा उग्र वास उफाळतो. म्हणून पापलेट पांढऱ्या वाईनकडेच ठेवलं.

शेवटी ताट ठरलं ते असं. सुरुवातीला कोथिंबीर वडी. मग हिरव्या वाटणातलं पापलेट, आणि शाकाहारींना ओल्या मटाराच्या करंज्या, कारण दोन्हींत कोथिंबीर, ओलं खोबरं आणि हिरवी मिरची एकच. त्यानंतर वाटीभर झणझणीत मिसळ. मुख्य जेवणाला काळ्या मसाल्याचं सुकं मटण, चिंच-गुळाची भरली वांगी, भाकरी आणि साधा भात. शेवटी खरवस.

बाटल्या या ताटामागून आल्या. वडीला दिंडोरीच्या शाँदों कंपनीची ब्रूट, म्हणजे बुडबुड्यांची कोरडी, जवळपास गोडवा नसलेली वाईन. तळलेल्या, खारट पदार्थाचं तेल बुडबुडे आणि आंबटपणा मिळून जिभेवरून साफ करतात. पापलेट आणि करंजीला नाशिकच्या सुला कंपनीची सोव्हिन्यॉं ब्लाँ, हीही पांढरी. या द्राक्षातच हिरव्या मिरचीचा आणि पेरूचा वास असतो, हिरव्या वाटणाला आणखी काय हवं! मिसळीला शेनिन ब्लाँ. मुख्य जेवणाला दोन लाल वाईन समोरासमोर: नाशिकची शिराझ आणि अकलूजच्या फ्रातेली कंपनीची सांजोव्हेजे. ही दुसरी संग्रामनं आणली. त्याचं गाव तिकडचं, आणि सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात इटलीचं द्राक्ष वाढतं हे तो नुसतं सांगत नाही, अभिमानानं सांगतो. खरवसाला सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन, तिची बाटली छोटीच येते. दारूचा परवाना ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी आधीच काढून घेतला. महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्यापासून तो लागतोच, आणि असल्या बाबतीत मला कच्चं काम आवडत नाही.

किती ओतायची याचा हिशेब मी कागदावर मांडला होता. सात पिणारे, सहा वाईन. 750 मिलिलिटरच्या बाटलीतून प्रत्येकाला पहिला चवीचा घोट 30 मिलिलिटर आणि मग पदार्थाबरोबर 40. म्हणजे पाच वाईनचे 350 आणि शेवटच्या गोड वाईनचे 40. चार तासांत माणशी 390 मिलिलिटर, अर्ध्या बाटलीपेक्षा किंचित जास्त. याच्या वर गेलं की चौथ्या वाईननंतर कुणाला काही कळत नाही, आणि कळावं म्हणून तर हा सगळा खटाटोप. पेग मोजायचं स्टीलचं माप घरात होतं, त्यानंच मोजून ओतलं. प्रत्येकापुढे पाण्याचं भांडं आणि शिवाय एक रिकामं भांडं ठेवलं, नको असलेली वाईन त्यात ओतायची. निखिलला ते आधी अपमानासारखं वाटलं. वाईन बनवणारे लोक दिवसभर हेच करतात हे सांगितल्यावर तो तयार झाला. रात्री कुणीही गाडी चालवायची नाही हे आधीच ठरलं होतं. हॉलमध्ये गाद्या घातल्या होत्या.

वासाचा बंदोबस्त हा मात्र आपल्या स्वयंपाकघराचा खास विषय आहे आणि त्यावर कुणी फारसं लिहीत नाही. वाईनची चव बरीचशी नाकानं कळते. घरात लसणाची फोडणी नुकतीच पडली असेल, हिंग तडतडला असेल, तर पेल्यातून काहीही येत नाही. म्हणून मटण, वांगी आणि मिसळीचा कट दुपारी दोनच्या आत करून झाला. खिडक्या उघड्या ठेवल्या. वड्या तळण्याचं काम समीरनं मागच्या अंगणात शेगडीवर घेतलं. टेबल गच्चीवर मांडलं. देवघरातली उदबत्ती त्या संध्याकाळी अण्णांनीच लवकर लावली आणि दार ओढून घेतलं. स्वाती नेहमी मोगऱ्याचा गजरा घालते. तिला मी फोनवर सांगितलं, बाई, गजरा सोमवारी माळ, मीच आणून देते. पेले भाड्यानं आणले होते. त्यांना साबणाचा आणि खोक्याच्या पुठ्ठ्याचा वास येत होता, म्हणून नुसत्या कढत पाण्यात विसळून धुतलेल्या सुती पंचानं कोरडे केले.

तापमानाबद्दल एवढंच सांगते की 'लाल वाईन खोलीच्या तापमानाला' हा नियम आपल्या खोल्यांसाठी नाही. तिथे 16-18 अंश अभिप्रेत आहेत. आपल्याकडे फेब्रुवारीतही दुपारी खोली 28-30ला जाते, आणि त्या उबेत लाल वाईनमधून नुसता अल्कोहोल वर येतो. मी दोन्ही लाल बाटल्या जेवणाआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्या. पांढऱ्या आणि ब्रूट बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर जाड मीठ घालून त्यात बुडवल्या. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाच्या पाण्यात बाटली लवकर गार होते, कारण पाणी काचेला सगळीकडून लागतं.

सगळे सहाला गच्चीवर आले. टेबलाच्या मध्यभागी मी वाट्या मांडल्या होत्या: चिरलेला पेरू, हिरव्या मिरचीचे तुकडे, लिंबाची साल, भरडलेली काळी मिरी, लवंग, मनुका, गूळ, सुपारी, वाळकी आमसुलं. वाईनचा घोट घ्यायचा, मग वाट्यांवरून नाक फिरवायचं आणि जुळतं का बघायचं. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात अ‍ॅन नोबल यांनी 1984 साली वाईनच्या वासांचं एक चक्र मांडलं. त्यात स्ट्रॉबेरी, ब्लॅकबेरी असलं बरंच काही आहे. मला ते चक्र आवडतं, पण ब्लॅकबेरी आमच्यापैकी कुणी लहानपणी झाडावरून तोडून खाल्लेली नाही. पेरू खाल्लेला आहे. वास आठवणीतून ओळखता येतो, म्हणून आठवणीतलेच वास टेबलावर ठेवले.

ब्रूट आणि वडीबद्दल फार बोलायला वेळच मिळाला नाही, ताट रिकामं झालं. मेघनाची ती संध्याकाळची सगळ्यात आवडती जोडी तीच. सोव्हिन्यॉं ब्लाँचा पेला नाकाशी नेऊन फ्रान्सिस सरळ मिरचीच्या वाटीपाशी थांबला. करंजीचा एक घास, एक घोट, पुन्हा घास, असं करत तो गप्पच झाला. मिसळीच्या वेळी मी मुद्दाम सगळ्यांना आधी ब्रूटचा उरलेला घोट घ्यायला सांगितला आणि मग शेनिनचा. कोरडी ब्रूट कटापुढे कडवट लागली, शेनिननं तिखट सावरलं. हा फरक सांगून पटत नाही, एका मिनिटाच्या अंतरानं दोन्ही घेतले की लगेच पटतो.

मुख्य जेवणाआधी अण्णा उठले आणि टोपली घेऊन आले. सकाळी शेजाऱ्यांच्या, वाईन कंपनीशी करार असलेल्या बागेतून त्यांनी शिराझचे दोन घड मागून आणले होते. खायच्या द्राक्षांची सवय असलेल्यांना ते बघूनच नवल वाटलं: मणी लहान, साल जाड, आत बिया. अण्णांनी प्रत्येकाला एकेक मणी दिला.

"दातानं नुसता फोडा," ते म्हणाले, "आणि रस बघा."

रस पांढरटच होता. रंग सगळा सालीत. लाल वाईन करताना रस सालींसकट आंबवतात आणि तेव्हा रंग उतरतो, हे सात जणांनी आपल्या बोटांवर पाहिलं. मग त्यांनी बी चावायला लावलं. बी हिरवट असेल तर तुरटपणा बोचतो, तपकिरी झालं की तोच तुरटपणा सुपारीसारखा गोडसर होतो. खायचं द्राक्ष 16-18 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडतात, वाईनचं 22च्या पुढे गेल्यावर, पण साखर मोजायचं यंत्र हातात असलं तरी जुना माणूस बी चावतोच, असं ते म्हणाले.

संग्रामनं विचारलं, "अण्णा, इटलीत म्हणे सप्टेंबरात तोडणी करतात. आपल्याकडे फेब्रुवारीत कशी?"

अण्णांनी नीट समजावलं. तिकडे थंडीत वेल झोपतो, आपल्याकडे झोपतच नाही. त्यामुळे वर्षात दोन छाटण्या घ्याव्या लागतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यात काडी तयार होते. पावसाळा सरताना गोडी छाटणी, तिच्यावर फळ येतं. पीक मात्र एकच, थंडी-उन्हाळ्याच्या सांध्यावरचं. पाऊस त्या वेळी नको, आणि गारपीट तर नकोच नको. गारपिटीचं नाव निघाल्यावर ते थोडा वेळ थांबले. आम्हीही कुणी काही बोललो नाही. त्या घरात ती वर्षं सगळ्यांना माहीत आहेत.

लाल वाईन आम्ही झाकून दिल्या. मी जुन्या सुती कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या होत्या, त्यांत बाटल्या घालून मानेला सुतळी बांधली आणि 1, 2 आकडे घातले. बाटलीच्या खांद्याच्या आकारावरून अंदाज येतो, म्हणून आत नॅपकिन कोंबले. 1976 साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी असंच झाकून फ्रान्स आणि कॅलिफोर्निया समोरासमोर ठेवले आणि फ्रेंच परीक्षकांनीच कॅलिफोर्नियाला पहिला नंबर दिला, ही गोष्ट संग्रामला तोंडपाठ आहे. हेच स्परियर पुढे अकलूजला फ्रातेलीबरोबर वाईन करायला आले, हे सांगताना तर त्याला थांबवावं लागतं.

पहिल्या पिशवीतून मिरीचा वास आला. मी, निखिल, फ्रान्सिस, तिघांचे हात एकाच वाटीकडे गेले. स्वातीला काहीच येईना. तिनं मिरीची वाटी नाकाशी धरली, पेला धरला, पुन्हा वाटी. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. तसं नव्हतं. शिराझमधला मिरीचा वास रोटुंडोन नावाच्या एका रेणूमुळे येतो, आणि खऱ्या काळ्या मिरीतही तोच असतो. 2008 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो शोधला, तेव्हा त्यांच्या चाचणीत साधारण पाचातल्या एकाला तो वास अजिबात येत नव्हता. हे ऐकून स्वाती सैलावली आणि तिनं जे सांगितलं ते कामाचं होतं: तिला त्या वाईनमध्ये मनुका आणि लवंग स्वच्छ येत होती, जी आम्हाला मिरीच्या आड दिसत नव्हती. एका पेल्यात दोन माणसांना दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि दोघंही खरं बोलत असतात, हे त्या रात्री आम्ही सगळ्यांनी मान्य केलं, आणि त्यानंतर बोलणं फार मोकळं झालं.

नुसत्या चवीत पहिली पिशवी सरळ जिंकली. मटणाबरोबर तर वादच नव्हता. मटणातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला धरतात, त्यामुळे तुरटपणा मऊ होतो आणि काळ्या मसाल्यातला भाजलेपणा वर येतो. पण भरल्या वांग्याशी गाठ पडल्यावर पारडं फिरलं. चिंचेपुढे शिराझ सपाट झाली, आणि दुसरी, जी आधी जरा जास्तच आंबट वाटली होती, ती ताठ उभी राहिली. इटलीत सांजोव्हेजे टोमॅटोच्या पदार्थांबरोबर पितात ती याच आंबटपणाच्या बळावर. मेघनानं पुन्हा मटणाशिवाय, नुसत्या वांग्याबरोबर दोन्ही घेऊन बघितल्या आणि दुसरीवर ठाम राहिली. पिशव्या सोडल्या तेव्हा संग्राम उठून उभाच राहिला.

खरवस आणि लेट हार्वेस्ट येईपर्यंत दहा वाजले होते. ही द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवतात, पाणी आटतं, साखर वाढते, म्हणून मधासारखी वाईन होते. खरवसातला गूळ कमी ठेवल्यामुळे वाईन गोडच राहिली आणि जायफळ छान लागलं. अण्णांनी खरवसाच्या दोन वड्या खाल्ल्या, वाटीतला पेरू संपवला आणि झोपायला गेले.

उरलेल्या बाटल्यांना बुचं लावून फ्रिजमध्ये ठेवलं. ब्रूटचे बुडबुडे टिकणार नव्हते, ती त्याच रात्री संपवली. शिराझ दुसऱ्या दिवशी दुपारी जास्त मोकळी लागली, सांजोव्हेजे तितकी नाही. सोमवारी निघताना फ्रान्सिसनं माझ्याकडून मापाचा कागद आणि पिशव्या मागून घेतल्या. पुढचं जेवण वसईत, बॉटल मसाल्याचं, म्हणजे तिकडच्या ख्रिस्ती घरांत कुटून बाटल्यांत भरून ठेवतात त्या मसाल्याचं. त्या मसाल्याला काय चालेल यावर आमची दारातच चर्चा सुरू झाली. माझं मत रोझेकडे, म्हणजे गुलाबी वाईनकडे आहे, संग्राम सांजोव्हेजे सोडायला तयार नाही. फ्रान्सिस म्हणाला, आधी आईच्या हातचा मसाला कुटून होऊ दे, मग बाटल्यांचं बघू.